वजन घटतंय, पण घटतंय नेमकं काय?

प्रश्न : माझं वय ४७. कराडला एका पतसंस्थेत नोकरी करते. उंची पाच फूट एक इंच. वजन ८२ किलो होतं, दोन महिन्यांत ७७ वर आणलं. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी डब्यात दोन पोळ्या, भाजी आणि वरण, संध्याकाळी चुरमुरे, रात्री फक्त दुधीचं सूप आणि काकडी. भात बंद, गोड बंद. पण आता केस मुठीनं गळतात, जिना चढताना मांड्या भरून येतात आणि तीन आठवडे काटा हललेला नाही. जिममधला मुलगा म्हणतो, वजनाच्या दुप्पट, म्हणजे दीडशे ग्रॅम प्रोटीन खा. पावडरचा डबाही तोच आणून देणार आहे. आमचे हे म्हणतात, असलं काही खाल्लंस तर किडनी जाईल. आमच्याकडे मांस-मासे शिजत नाहीत. मी अंडी खाते, पण सोमवारी उपवास असतो आणि गुरुवारी, संकष्टीला अंडं चालत नाही. थायरॉइडची गोळी चालू आहे, त्यामुळे जाऊबाई म्हणतात, सोयाबीनला हातही लावू नको. प्रोटीन नक्की किती खायचं आणि कशातून? ह्यांचं वय ५५ आहे, बारा वर्षं शुगर आहे. त्यांना माझ्यासारखाच आहार दिला तर चालेल का?

उत्तर :

ताई, तुमच्यासाठी आकडा आहे दिवसाला ७० ते ७५ ग्रॅम. दीडशेची गरज नाही. पण सध्या तुमच्या पोटात जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम जातंय आणि माझ्या मते तुमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे आहे.

आधी हा आकडा आला कुठून ते सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ५५ किलोच्या बाईला ती साधारण ४६ ग्रॅम होतात. पण हा हिशोब पोटभर जेवणाऱ्या आणि वजन आहे तिथेच ठेवणाऱ्या माणसाचा आहे. तुम्ही मुद्दाम कमी जेवताय. खाणं कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, पण सोबत स्नायूही मोडून खातं. ते वाचवायचे तर वजन उतरवण्याच्या काळात किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम धरावं लागतं. आता हे किलो कुठले? साठलेल्या चरबीला प्रोटीनचा खुराक लागत नाही, म्हणून आजच्या ७७ वर गणित करायचं नाही. तुमच्या उंचीला पहिला टप्पा ६० किलोचा धरू. ६० गुणिले १.२ म्हणजे ७२. पुढे व्यायाम वाढला तर ९० पर्यंत जा, त्याच्या वर जायचं तुम्हाला कारण नाही.

जिममधल्या मुलाचा 'दुप्पट'चा नियम भरपूर वजन उचलणाऱ्या, अंगावर चरबी कमी असलेल्या तरण्या पोरांमध्ये चालतो. त्यांनाही बहुतेक वेळा त्याहून कमी पुरतं. त्यानं तो तसाच्या तसा तुमच्या ७७ किलोला लावला. दीडशे ग्रॅम म्हणजे रोज पंचवीस अंडी किंवा पाऊण किलोला थोडी कमी एवढी कोरडी डाळ. घरच्या जेवणातून हे जमत नाही, हे उघड आहे. मग पावडरचा डबा विकत घ्यावाच लागतो.

आता तुमचं ताट पाहू. दिवसभराच्या चहातलं दूध धरलं तर ५ ग्रॅम. पोहे, त्यातले शेंगदाणे धरून, ५ ते ६. दोन पोळ्यांचे ६, भाजीचे २, चुरमुऱ्यांचा एखाद-दुसरा, दुधीचं सूप आणि काकडी मिळून २. राहिलं वरण. 'मी रोज वरण खाते, मग प्रोटीन कमी कसं?' असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, म्हणून इथे जरा थांबते.

तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, पण ते कोरड्या डाळीत. घरी एक वाटी डाळ कुकरला लावली, चार माणसं आणि दोन वेळा, असं धरा. ती वाटी भरते साधारण १२० ग्रॅमची, तिच्यात प्रोटीन २६ ग्रॅम. आठ वाटे केले की एका वाट्याला येतात तीन ग्रॅम. त्यातही डब्यात वरण सांडू नये म्हणून वरवरचं पातळ भरलं असेल तर तेवढेही नाहीत, डाळ पातेल्याच्या तळाशी राहते. पिवळं, गरम, हिंगाच्या फोडणीचं ते पाणी चवीला छानच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या भरवशावर वजन उतरवायला निघू नका. माणशी ३० ते ४० ग्रॅम कोरडी डाळ पडेल असं मोजून एकदा शिजवून बघा. ते वरण चमच्यावरून सहज घरंगळणार नाही इतकं दाट होतं. तुमच्यापुरतं तसं काढा आणि मग बाकीच्यांसाठी हवं तर पाणी घाला. वाढताना डाव तळापासून फिरवा.

तुमचा वरणाचा वाटा तीन-चार ग्रॅमचा धरला तर दिवसाची बेरीज अठ्ठावीसच्या पुढे जात नाही.

नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं, तर गेलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा चरबी नसतेच, त्यात स्नायू आणि पाणीही असतं. तुमच्या पाच किलोंतला किलोभर, कदाचित जास्तच, तसा गेला असणार. मांड्या भरून येतात त्या बहुधा त्यामुळेच. वयाच्या पंचेचाळिशीनंतर, पाळी जायच्या सुमारास, स्नायू टिकवणं तसंही अवघड होत जातं. एकदा गेलेला स्नायू परत आणायला चरबी घालवण्याहून जास्त कष्ट पडतात. केसांचंही तसंच. झपाट्यानं वजन उतरलं, प्रोटीन कमी पडलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. पण सगळा दोष आहारावर ढकलू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. लोह कमी असेल किंवा थायरॉइडच्या गोळीचा डोस कमी पडत असेल, तर कितीही उसळी खाल्ल्या तरी केस थांबणार नाहीत. तीन आठवडे अडकलेला काटाही कदाचित तिथूनच सुटेल.

प्रोटीन खाल्ल्यानं चरबी आपोआप वितळते, असं जाहिरातीतले लोक सांगतात. ते पचवायला शरीराला जास्त ऊर्जा लागते हे खरंय. शंभर कॅलरी प्रोटीनमधून घेतल्या तर वीस ते तीस पचनातच खर्च होतात. पण तुमच्या हिशोबात त्याचा फायदा दिवसाला तीस-चाळीस कॅलरींचा, म्हणजे अर्धी पोळीही नाही. खरा उपयोग दुसरा. पोट भरलेलं राहतं, चार वाजता चुरमुऱ्यांच्या डब्याकडे हात जात नाही आणि उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा कमी होतो. वजन उतरायला एकूण खाणं कमीच लागतं. म्हणून ७० ग्रॅमपर्यंत जाताना आहे त्या ताटात भर घालायची नाही, ताटातलं काही उचलून त्याजागी दुसरं ठेवायचं.

सकाळपासून सुरुवात करू. अंडं चालतं त्या दिवशी पोह्यांऐवजी दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि एक पोळी, झाले १५ ग्रॅम. पिवळं बलक काढून टाकायचं काही कारण नाही, अंड्यातली निम्मी जीवनसत्त्वं नाल्यात कशाला घालवायची? अंडं नसेल त्या दिवशी रात्री मूग भिजत घाला आणि सकाळी वाटून धिरडी करा. मूठभर मूग, म्हणजे ४५ ग्रॅम धरा, सोबत वाटीभर दही. हेही १५ च्या आसपास जातं. पोहे आठवड्यातून एकदा खा, माझी हरकत नाही, पण त्यात मोड आलेली मटकी घाला.

दुपारच्या डब्यात दोन पोळ्यांऐवजी एक ज्वारीची भाकरी, घट्ट उसळ, पालेभाजी आणि दही. पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीतून ५, चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीतून ८, दह्यातून ५ आणि भाजीतून २ मिळून वीस होतात. उसळ रोज मटकीचीच नको. मूग, चवळी, हरभरा, मसूर यांचा पाळीपाळीनं फेर लावा. कोरेगावचा वाघ्या घेवडा तर तुमच्याच जिल्ह्यातला आहे. घेवडा, हरभरा रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि कुकरला बोटानं चिरडेपर्यंत शिजवा. एकदम रोज सुरू केलंत तर पोट फुगेल आणि दोष प्रोटीनला द्याल. पहिला आठवडा एक दिवसाआड करा. भाकरी-पोळीच्या प्रोटीनमध्ये जे कमी असतं ते डाळीत असतं आणि डाळीत जे कमी ते धान्यात. त्यामुळे भाकरी-उसळ, आमटी-भात या जोड्या शास्त्रालाही पटणाऱ्या आहेत. दोन्ही एकाच घासात पाहिजेत असं मात्र नाही, दिवसभरात पोटात गेलं की झालं. आणि हो, भात कायमचा सोडायची गरज नाही. एक मूद भात, त्यावर दाट वरण, हे तुमच्या चुरमुऱ्यांपेक्षा कधीही बरं.

संध्याकाळी चुरमुऱ्यांच्या जागी मूठभर फुटाणे आणि पेलाभर ताक, म्हणजे ८ ग्रॅम. ताक पांढरं दिसेल इतपत ठेवा.

रात्रीच्या दुधीच्या सुपाला रजा द्या. संध्याकाळी सातला दोन ग्रॅम प्रोटीन खायचं आणि मग सकाळच्या नाश्त्यापर्यंत काही नाही, या उपासमारीतून काहीच साधत नाही. तुमच्याकडे हुलग्याच्या पिठाचं माडगं करत असतील. हुलग्यात प्रोटीन तुरीइतकंच, माडगं पोटाला धरून राहतं आणि दळणासाठी कुठे शोधाशोध करावी लागत नाही. किंवा घट्ट पिठलं आणि अर्धी भाकरी. पिठल्याला तेल मात्र मोजून, दोन चमचे पूर्ण घराला, माणशी नव्हे. आठवड्यातून दोन-तीनदा पनीर ७५ ग्रॅम किंवा सोया चंक्स ३० ग्रॅम.

सोयाबद्दल जाऊबाईंनी घाबरवलंय, तर ऐका. कोरड्या सोया चंक्समध्ये निम्मं वजन प्रोटीनचं असतं. शाकाहारी घरात इतक्या कमी कॅलरीत आणि इतक्या कमी पैशात इतकं प्रोटीन देणारं दुसरं काही मला माहीत नाही. थायरॉइडच्या गोळीशी त्याचा संबंध एवढाच की, सोया गोळी नीट शोषू देत नाही. म्हणून दोन्हींत अंतर ठेवायचं. गोळी सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर घ्या, त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तासांनी. सोया रात्री खाल्लं की प्रश्न मिटतो. रोजच्या रोज खाणार असाल तर डॉक्टरांना सांगा आणि टीएसएच दोन महिन्यांनी पुन्हा पाहा. चंक्स करताना मिठाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा, दोनदा घट्ट पिळा, मिक्सरला एकदाच फिरवा आणि कांदा, टोमॅटो, काळा मसाला घालून खिम्यासारखं परता. अख्ख्या चंक्सचा तो रबरासारखा चावा मलाही आवडत नाही.

शेंगदाणे आणि बदाम यांना मात्र प्रोटीन समजून खाऊ नका. मूठभर दाण्यात ७ ग्रॅम प्रोटीन येतं, सोबत पावणेदोनशे कॅलरी येतात, कारण दाण्यात निम्मं तेलच असतं. रोजचे भिजवलेले दहा बदाम अडीच-तीन ग्रॅम देतात. बदाम खा, चांगले आहेत, हिशोबात त्यांना धरू नका. पनीरचंही तसंच, १०० ग्रॅममध्ये १८ ते २० ग्रॅम प्रोटीन आणि त्याहून थोडं जास्तच स्निग्ध. म्हणून ७५ ग्रॅमवर थांबा, आणि ते लोण्यात न पोहता साध्या भाजीत पडू दे. कमी फॅटचं दूध आणलंत तर घरचं पनीर आणखी हलकं होतं. त्याचं पाणी फेकू नका, कणीक भिजवायला वापरा.

सोमवारचा उपवास हा तुमच्या आठवड्यातला सगळ्यात जड दिवस असणार. साबुदाण्यात प्रोटीन नावालाही नसतं आणि एका बशी खिचडीत तूप, दाणे मिळून तुमचं दोन वेळचं जेवण बसतं. उपवास करू नका असं मी म्हणणार नाही. राजगिऱ्याचं थालीपीठ करा, राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३ च्या आसपास प्रोटीन असतं. दोन वेळा वाटीभर दही, एक पेला दूध, तुमच्याकडे उपवासाला चालत असेल तर पनीरही. दुधात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर ढवळली की आणखी ५ ग्रॅम पडतात. ही साधी दूध पावडर, वाण्याकडे मिळते ती. रोज जिथे कमी पडेल तिथे हीच युक्ती चालते, दह्यात आणि धिरड्याच्या पिठातही.

रोजची बेरीज चहाच्या दुधासकट ६५ ते ७५ च्या मध्ये येईल आणि कॅलरी चौदाशे-पंधराशेच्या घरात राहतील. एखाद्या दिवशी ६० झालं तर रात्री उठून दूध पिऊ नका, आठवड्याची सरासरी बघा. एका वेळी पंचवीस-तीस ग्रॅमच्या वर खाल्लं तर ते वाया जातं, असंही ऐकाल. तसं काही नसतं. पण तीन जेवणांत वाटून घेतलं की भूक आटोक्यात राहते, एवढ्यासाठी वाटून घ्या.

मग डबा घ्यायचा की नाही? व्हे पावडर विष नाही. दुधाचं चीज करताना जे पाणी उरतं त्यातून ती काढतात, एका मापात साधारण २४ ग्रॅम प्रोटीन मिळतं. ज्याला अंडंही चालत नाही, सोयाही नको आणि उसळ पचत नाही, अशा एखाद्याला मी स्वतःच ती देते. तुम्हाला ती लागणार नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसामान्य लोकांनी या पावडरींपासून लांब राहावं असंच म्हटलंय. त्या पैशांत तुमची काही महिन्यांची अंडी येतील. तरी कधी घ्यावीशी वाटली तर सुटी, चिठ्ठी नसलेली पिशवी घेऊ नका. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक बघा आणि एका मापात प्रोटीन किती, साखर किती हे मागच्या बाजूला वाचा. 'प्रोटीन' लिहिलेली बिस्किटं तर सोडूनच द्या.

एक काम तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याच्याशिवाय वरचं सगळं अर्धवट आहे. नुसतं प्रोटीन खाऊन स्नायू टिकत नाहीत, त्यांना ताण लागतो. आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं पुरे. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये पाणी भरून दोन्ही हातांनी उचलणं. शेवटच्या दोन खेपा जड गेल्या पाहिजेत, सहज गेल्या तर कॅनमध्ये पाणी वाढवा. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. जिमला पैसे भरलेच आहेत, तर त्या मुलाकडून पावडर घेण्यापेक्षा हे नीट शिकून घ्या, ते त्याला नक्की येत असेल. वजन आठवड्यातून एकदाच करा आणि बेंबीपाशी कमरेचा घेर टेपनं मोजून लिहून ठेवा. काटा अडला आणि घेर उतरला, तर गाडी रुळावर आहे. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त वेगाची मला तरी घाई नाही.

आता किडनी. निरोगी किडनीला ७०-७५ ग्रॅम प्रोटीननं इजा होत नाही, तुमच्या ह्यांची भीती त्या बाबतीत अनाठायी आहे. पण आधीच दुखावलेल्या किडनीवर जास्त प्रोटीनचा भार पडतो हेही खरं. म्हणून सुरू करण्याआधी सिरम क्रिएटिनिन (रक्तातून कळतं) आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. दोन्ही ठीक आले की निर्धास्त खा. मुतखडा किंवा किडनीचा जुना आजार असेल आणि पत्रात लिहायचा राहिला असेल, तर वरचे आकडे बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना विचारा.

ह्यांचं मात्र वेगळं. बारा वर्षं शुगर असलेल्या माणसाची किडनी काही न दुखता, न सुजता हळूहळू मंदावलेली असू शकते. किडनीचं काम कमी झालेलं निघालं तर त्यांना किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपासच राहावं लागेल, तुमचं ताट त्यांना चालणार नाही. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पोळ्या एकदम कमी केल्यानं साखर खाली जायचीही भीती असते. क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन ह्या दोन तपासण्या शुगर असलेल्यांनी दरवर्षी करायच्या असतात. तुमच्या सोबत त्यांनाही लॅबमध्ये न्या. रिपोर्ट डॉक्टरांनी बघेपर्यंत दाट वरण, उसळ तुमच्या वाटीत आणि त्यांचं जेवण आहे तसंच चालू दे.